कॅम्परला आतून कडी

१ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. रोज लिहायची. थोडक्यात आणि खरं तेवढंच.

उल्का काल शाळेतून रिटायर झाली. आज सकाळी चहाच्या वेळेलाच तिची मैत्रीण कुसुम हजर. कुसुमने बायका-बायकांचा ग्रुप काढलाय. दिवाळी झाली की कच्छचं रण, पंधरा दिवस. उल्का म्हणाली, लग्न झाल्यापासून आपण मुक्कामाला म्हणून कुठे गेलो नाही, आता तरी मी जाते. गेलो नाही कारण मी विमा कंपनीत क्लेम्सला होतो. सगळी नोकरीभर रोज टेबलावर कुणाची तरी गाडी दरीत, कुणाचं हॉटेल जळालेलं, कुणाची बॅग पळवलेली. ज्याला माहीत असतं तो घरी बसतो. याला भीती म्हणत नाहीत, अनुभव म्हणतात.

पंधरा दिवस मी एकटा सहज राहू शकतो. त्याचा प्रश्नच नाही. पण उल्काला माझी काळजी लागून राहील आणि तिच्या ट्रिपचा विचका होईल. म्हणून म्हणालो, परक्या लोकांबरोबर कशाला, मीच नेतो तुला. चाकांवरचं छोटं घर बनवतो, गाडीच्या मागे लावतो, जाऊ कुठे म्हणशील तिथे. यूट्यूबवर पाहिलं होतं. तोंडातून निघून गेलं.

कुसुम हसली. उल्का हसली नाही. म्हणाली, ठीक आहे, कोजागिरीची रात्र त्यात काढायची, शहराबाहेर, मोकळ्यावर. काढली तर मी तुमच्याबरोबर. नाही काढली तर दुसऱ्या दिवशी मी कुसुमला नाव देणार. कुसुम म्हणाली, जागा धरून ठेवते हो मी. 'ठेवते' वर उगाच जोर दिला.

कोजागिरीला दीड महिन्यापेक्षा जास्त वेळ आहे. भरपूर झाला.

५ सप्टेंबर

ट्रॉली मिळाली! लोणी काळभोरचे हिंदुराव. त्यांच्या ट्रॅक्टरचा क्लेम मी एकदा झटपट पास केला होता, ते अजून मानतात. दोन चाकांची छोटी ट्रॉली, जीपमागे लावून कांदा मार्केट यार्डात न्यायचे. आता टेम्पो घेतलाय, त्यामुळे पडून होती. आत झोपायचं म्हटल्यावर हिंदुरावांनी ट्रॉलीत एकदा वाकून बघितलं. मग म्हणाले, झोपा की, आमचा कांदा बी आरामात झोपून जायचा.

गाडीला हूक बसवून घेतला. मी पुढे, ट्रॉली मागे, लोणीपासून हडपसरपर्यंत. मागून काहीतरी आपल्या अंगावर येतंय असं सारखं वाटत होतं. येतच होतं, पण ते आपलंच होतं. घरी पोचल्यावर शर्ट पिळून काढला. उकाडा फार आहे.

७ सप्टेंबर

सोसायटीच्या बोर्डावर चेअरमन अनंतरावांची सूचना: "सोसायटीच्या आवारात कांद्याचा वास येणारी वाहने उभी करू नयेत. ज्यांना कळायचे त्यांना कळेलच. न कळल्यास पुन्हा लिहू." मला कळलं. फिनेलने दोनदा धुतली. आता कांदा आणि फिनेल असा वास येतोय.

८ सप्टेंबर

डिझाइन पूर्ण. दोघांना पुरेल असा लाकडी पलंग, खाली सामानाचे कप्पे, मागे छोटा ओटा. आणि मुख्य म्हणजे पलंगाच्या बरोबर वर, छताला, मोठी काचेची खिडकी. उल्का शाळेत भूगोल शिकवायची, तारे तिला तोंडपाठ. आडवं पडल्या पडल्या तारे! ही कल्पना पूर्णपणे माझी. कागदावर काढून दाखवलं तर खूश झाली. माझ्याकडे बघून ती इतकी खूश होऊन किती दिवस झाले, आठवत नाही.

ही खिडकी करायचीच. यात तडजोड नाही.

११ सप्टेंबर

उल्का सासवडला भावाकडे. यायला उशीर होणार होता. संध्याकाळी घरात फार कोंदट वाटलं, म्हणून जिन्यात बसलो. तिथे वारा चांगला येतो. येणारी-जाणारी माणसं दिसतात. वॉचमनने विचारलं, किल्ली हरवली का काका? म्हटलं, हो. उल्का आली तेव्हा किल्ली माझ्या हातात होती. ती फक्त दिवे विझवत गेली. सगळ्या खोल्यांतले लागलेले होते.

१६ सप्टेंबर

वेल्डर ठरला. संभाजी. हडपसर गाडीतळाच्या मागे दुकान, ग्रिल आणि सेफ्टी डोअर ही त्याची स्पेशालिटी. काहीही सांगा, करू की काका. पण गणपती उठेपर्यंत मंडळाच्या कामात.

पेपरात बातमी: लोणीच्या बाजूला उसात बिबट्या दिसला. उल्काला वाचून दाखवली. ती म्हणाली, बरं मग? ती वरवर शांत दिसते, पण मी ओळखतो. घाबरली आहे. तिच्यासाठी खिडकी निम्मी केली. काच म्हणजे काय, एका पंजाचं काम.

२६ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. नव्या कामाला हात नको. माझा यावर विश्वास नाही, पण उल्काचा असू शकतो. विचारलं, तर नाही म्हणाली. तरी थांबलेलं बरं. मनात कुठेतरी राहतं माणसाच्या.

३ ऑक्टोबर

कुसुम आली होती. डबा कुठवर आला, असं विचारलं. डबा! म्हटलं, कॅम्पर. ती म्हणाली, हो का, मग कॅम्पर कुठवर आला? उल्का आत जाऊन हसली.

संतापून संभाजीला फोन. म्हटलं, पितृपक्ष बितृपक्ष काही नाही, उद्याच्या उद्या सुरू कर. तो म्हणाला, करू की काका.

७ ऑक्टोबर

जोरात काम. सांगाडा उभा राहिला, पत्रा चढला. छताच्या खिडकीचा नीट विचार केला. निम्म्या काचेतूनसुद्धा हात आत येऊ शकतो. माणसाचा हात बिबट्यापेक्षा वाईट, क्लेम्सच्या फायली सांगतात. काच रद्द. त्याजागी लोखंडी ग्रिल. ग्रिलमधून साप येतो. मग ग्रिलला बारीक जाळी. जाळीतून पाऊस येतो. मग जाळीवर पत्र्याचं झाकण, आतून बोल्ट. झाकण उघडलं की तारे दिसणारच. जाळीतून दिसतात तेवढे.

१० ऑक्टोबर

दाराला एक कडी होती. एक कडी म्हणजे कडी नसल्यासारखीच. संभाजी म्हणाला, वर एक टाकू, खाली एक टाकू, मधे आडवी पट्टी टाकू, सोन्याच्या दुकानाला करतो तशी. वर म्हणाला, बाहेरून सेफ्टी डोअर पण टाकू का? गिऱ्हाईकाचं मन ओळखणारा माणूस आहे. दाराला भिंग बसवलं, बाहेर कोण आहे बघायला. झोपल्या जागेवरून उठून बघावं लागतं, पण सोय आहे.

उल्काने विचारलं, यात आपण राहणार आहोत की आपल्याला ठेवणार आहेत? विनोद म्हणून ठीक.

१५ ऑक्टोबर

परवा ट्रायल झाली. दुपारच्या झोपेची वेळ साधली. पार्किंगमध्येच, आत शिरून चारही कड्या लावल्या. अंधार, गारवा, उत्तम. डोळा लागतोय तोच डोक्यावर असा काही आवाज झाला की बस्स. तोफ. मग काहीच नाही. काहीच नाही हे जास्त वाईट. मी हललो नाही. श्वाससुद्धा हळू घेतला. त्यांना वाटावं आत कुणी नाही.

पाच वाजता उल्काने हाक मारली, तेव्हा दार उघडलं. सोसायटीच्या माडाचा नारळ पडला होता छतावर. ती म्हणाली, तुमचा चेहरा पांढराफटक पडलाय. म्हटलं, प्लायवुडचा भुसा.

छताला आणखी एक पत्रा टाकायला सांगितला. डबल. त्यात झाकण बंद झालं ते झालंच. खिडकी आता नाही. पण वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. तुळशीबागेतून रेडियमचे तारे आणले, अंधारात चमकतात ते. दोन तास उताणं पडून छताला आतून चिकटवले. मान धरली. उल्काला आत नेऊन दार लावलं, बॅटरी विझवली. छत झगमगलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, सप्तर्षी उलटे लावलेत. आणि बाहेर गेली.

नीट केले आज. आता बरोबर आहेत.

१८ ऑक्टोबर, दसरा

कॅम्पर तयार! झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पेढे. सोसायटी लोटली. उल्काने पूजा केली. सगळ्या नव्या वाहनांचं करतात तसं चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी पुढे काढायची, लिंबं फुटायची, टाळ्या.

मी गाडी सुरू केली. पहिला गिअर. अॅक्सिलरेटर. गाडी ओरडली. गाडी पुढे गेली नाही. आणखी दिला. जळका वास आला. आरशातून बघतो तर सगळे खाली वाकून लिंबांकडे बघतायत. लिंबं होती तशी.

अनंतराव म्हणाले, गोपाळराव, आधी लिंबांना विचारून घ्या.

संभाजी आला, त्याने एकंदर लोखंडाचा हिशोब केला आणि म्हणाला, काका, तुमच्या गाडीपेक्षा हीच जड झाली की. थोडं काढू का? काय काढू, असं म्हणत त्याने कडीला हात लावला. मी त्याचा हात धरला. नंतर वाटलं, जरा जोरातच धरला.

लिंबांचं सरबत केलं उल्काने. कुसुमलाही दिलं.

२० ऑक्टोबर

मार्ग निघाला. हिंदुराव ट्रॅक्टर आणतायत. कोजागिरीची रात्र त्यांच्याच शेतात. म्हणजे अट पूर्ण. शहराबाहेर, मोकळ्यावर, कॅम्परमध्ये. कशाने ओढून नेला याबद्दल अट काही नव्हती.

झोप नीट लागत नाही. उत्साहाने.

२४ ऑक्टोबर, कोजागिरी. दुपारी चार. लोणी काळभोर

पोचलो. सोलापूर रोडवर ट्रॅक्टर, मागे कॅम्पर, त्याच्या मागे गाडीत मी. हॉर्न मारून मारून लोक पुढे जात होते. उल्का ट्रॅक्टरवर, मडगार्डवर, हिंदुरावांच्या शेजारी. पदर डोक्यावरून बांधलेला. एकदा मागे वळून हात केला. शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखी दिसत होती.

शेत म्हणजे मधे मोकळी जागा आणि तिन्ही बाजूंनी ऊस. ऊस उंच आहे. आत काय आहे दिसत नाही. हिंदुरावांना सहज विचारलं. ते म्हणाले, बिबट्या हाय की, पण त्यो त्याच्या कामात, आपण आपल्या. काम म्हणजे काय ते सांगितलं नाही.

संध्याकाळी सव्वासहा

बाहेर चूल पेटवलीय. हिंदुरावांची बायको तुळजाबाई आणि उल्का दूध आटवतायत. चटई, गोधड्या, गप्पा. मला उल्काने बोलावलं. म्हटलं, अंधार पडायच्या आत कॅम्परची सिस्टिम तपासून घेतो. आत आहे. कड्या तपासायच्या म्हणजे लावूनच तपासाव्या लागतात.

पावणेसात

सगळ्या कड्या उत्तम. अजून आतच आहे. रेडियमचे तारे मंद दिसतायत. इथून चंद्र दिसत नाही, पण उजेड पडला असावा. बाहेर उल्का म्हणतेय, काय सुरेख आलाय हो चंद्र, या ना. मी म्हटलं, येतो.

सव्वासात

भिंतीला काहीतरी लागलं. बाहेरून. माझ्या डोक्याच्या बाजूने.

सात वीस

घासतंय. पत्र्याला अंग घासतंय काहीतरी. मोठं. श्वास ऐकू येतोय. खोल, गरम असावा असा. भिंगातून बघितलं, नुसतं काळं. देवा. देवा रे देवा.

उल्का बाहेर आहे.

सात पंचवीस

उल्काला फोन लावला. कुजबुजत सांगितलं, बिबट्या आहे, कॅम्परला चिकटून आहे, हलू नकोस. तिने हळूच विचारलं, मग मी आत येऊ का? दार उघडता का?

मी म्हटलं, थांब. कड्यांचा आवाज होईल.

तिने फोन ठेवला.

पावणेआठ

बाहेर हसण्याचा आवाज. तिघंही हसतायत. तुळजाबाई ओरडल्या, अगं ए, चल हिकडं! आणि घासणं थांबलं.

म्हैस.

मला अंदाज होताच. आता लगेच बाहेर गेलो तर बरं दिसणार नाही. थोड्या वेळाने जातो.

२५ ऑक्टोबर, सकाळी

उजाडल्यावर बाहेर आलो. अट तांत्रिकदृष्ट्या पूर्ण. रात्र कॅम्परमध्ये काढली. मी तरी काढली. उल्का चटईवर झोपली, तुळजाबाईंशेजारी, गोधडीत गुरफटून, आभाळाखाली. पहाटे चांदण्या बघत जागी होती म्हणे. माझ्या वाटणीचं दूध झाकून ठेवलं होतं. साय धरली होती.

हिंदुराव म्हणाले, साहेब, हे खोकं हितंच राहू द्या, म्हशीला अंग घासायला झ्याक हाय. मी म्हटलं, परत न्यायचंय, आजच.

चहा पिताना उल्काने एकच विचारलं. आवाज चढवला नाही, चेहऱ्यावर राग नाही. बिबट्या बाहेर होता आणि मी बाहेर होते, तर अहो, तुम्ही किती कड्या काढल्यात? म्हटलं, मी त्याच विचारात होतो. ती म्हणाली, असं होय. कप विसळून ठेवला.

संध्याकाळी तिने कुसुमला नाव दिलं. घाईने घेतलेला निर्णय आहे. पण मी अडवणार नाही. मी त्यातला माणूस नाही.

२९ ऑक्टोबर

कॅम्पर पुन्हा पार्किंगमध्ये. अनंतरावांची नवी सूचना: "मोकळ्या तिजोऱ्या आवारात ठेवू नयेत." दुर्लक्ष.

उल्काशी बोलायचं ठरवलं होतं. काय बोलायचं ते तीन वेळा मनात घोळवलं. उघडलंच असतं मी दार. आणखी दोन मिनिटं मिळायला हवी होती. ती चकलीचं पीठ मळत होती, म्हणून बोललो नाही.

१६ नोव्हेंबर

उल्का गेली. स्टेशनवर सोडायला गेलो होतो. सगळ्या बायकांनी एकसारख्या टोप्या घातल्या होत्या. तिने मला गॅस, दूध, गीझर, सगळं परत एकदा सांगितलं. मी म्हटलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे का? गाडी सुटली तेव्हा ती खिडकीतून हात हलवत होती, पण बोलत होती कुसुमशी.

ठरवलंय: सकाळी फिरणं, दुपारी वाचन, रात्री लवकर झोप. मोकळीक मिळाली आहे, तिचा उपयोग करायचा.

१७ नोव्हेंबर

स्वयंपाकघरात काहीतरी टकटक वाजतं. फ्रिज असावा. फ्रिज बंद केला. तरी वाजतं.

१९ नोव्हेंबर

घर फार मोठं आहे. हे आधी लक्षात आलं नव्हतं. आपण एका खोलीत बसलो की बाकीच्या खोल्यांत काय चाललंय ते कळत नाही. बेडरूममध्ये कपाटाचं दार थोडं उघडं दिसलं. मी लावलं होतं. लावलं होतंच. जेवण जिन्यात केलं. खाली राहणाऱ्या प्रेमलाबाईंनी भाजी आणून दिली आणि काही विचारलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

२० नोव्हेंबर

काल कॅम्परमध्ये झोपलो. देखभालीसाठी. बंद पडून राहिलं की लाकूड फुगतं. आणि छान झोप लागली. एकच खोली, सगळं समोर, चार कड्या. वॉचमनला सांगितलं, सोसायटीत बोलू नकोस. तो म्हणाला, बोलायचं काय त्यात, सगळ्यांनी बघितलंय.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळी सात. कॅम्परमध्ये

उल्काचा फोन आला. आज पौर्णिमा. रणावर उभी आहे. सगळीकडे पांढरं, क्षितिजापर्यंत पांढरं मीठ, आणि त्यावर चंद्र चढतोय. सांगता सांगता तिला दम लागत होता. रात्री तंबूच्या बाहेर झोपणार आहेत सगळ्या. मी म्हटलं, थंडी वाजेल, मफलर घे. ती म्हणाली, घेतलाय. मग विचारलं, तुम्ही काय करताय, घरीच ना? म्हटलं, घरीच, मजेत, वाचतोय. मागून कुसुम हाका मारत होती. उल्का म्हणाली, तुम्ही हवे होतात.

असं म्हणाली. तुम्ही हवे होतात. मग रेंज गेली.

फार आठवण येते तिची. भीती नाही म्हणत मी. पण ती नसली की मला भीती वाटते.

शेवटी उठलो. ठरवलं, ती यायच्या आत सराव करायचा. असं समजायचं की उल्का बाहेर उभी आहे, अंधारात, आणि तिने हाक मारलीय. घड्याळ बघायचं नाही, विचार करायचा नाही, उघडायचं. वरची कडी काढली. खालची काढली. आडवी पट्टी सरकवली, ती फार वाजते, तरी सरकवली. हात चालत होता. शेवटच्या कडीला हात घातला आणि बाहेर पावलं वाजली.

वॉचमन असणार. वॉचमनच असणार.

चारही परत लावल्या. उद्या सकाळी करू, उजेडात.